मृग नक्षत्र, दुर्बीण आणि कृत्रिम उपग्रह

आकाशाशीं ज्याचा रोजचा व्यवहार, असा धंदा शेतीवांचून दुसरा नाहीं. व्यापारी वहीकडे पाहतो, नोकर घड्याळाकडे पाहतो. शेतकरी आधीं वर पाहतो आणि मग खालीं. असें असूनही आमच्या नांदेड-लातूर भागांत आकाशाची ओळख दिवसेंदिवस कमी होत चालली आहे, असें आमच्या पाहण्यांत येतें. पूर्वीं जागलीस गेलेला गडी तिकांडे कोठें आलें यावरून रात्र किती उरली तें सांगत असे. आतां तो खिशांतील मोबाईल काढून पाहतो. त्यांत त्याचा दोष नाहीं. परंतु आकाशावरची नजर उठली म्हणजे पंचांगांत लिहिलेलें काय व आकाशांत असलेलें काय यांतील अंतर कळेनासें होतें. तसेंच माणसानें आकाशांत सोडलेलीं यंत्रें आपल्या शेताविषयीं काय पाहतात व काय पाहत नाहींत, याची चौकशी करावी असेंही कोणास वाटत नाहीं. या दोन्ही गोष्टींचा संबंध पेरणीशीं व पदरांत पडणाऱ्या पैशाशीं आहे. म्हणून त्यांचा येथें थोडा विचार करण्याचें योजिलें आहे. शिवाय आकाश पाहण्यांत जो निर्मळ आनंद आहे, तोही सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

प्रथम मृगाचेंच घेऊं. दरवर्षीं ७ किंवा ८ जूनच्या सुमारास मृग लागतो आणि शेतकरी तिफणीकडे व आभाळाकडे आळीपाळीनें पाहूं लागतो. पण मृग लागतो म्हणजे काय होतें? मृग ही आकाशांतील ठराविक ताऱ्यांची आकृति आहे. चार कोपऱ्यांस चार तारे, ते हरणाचे पाय. मध्यें ओळीनें तीन तारे, तो व्याधानें मारलेला बाण, त्यालाच खेड्यांत तिकांडे म्हणतात. आणि त्याच्या आग्नेयेस झगझगीत तारा, तो स्वतः व्याध. पृथ्वी वर्षांत सूर्याभोंवतीं एक फेरी करिते, त्यामुळें सूर्य दर तेरा-चौदा दिवसांनीं एका नक्षत्रांतून दुसऱ्या नक्षत्रांत गेल्यासारखा आपणांस दिसतो. तो मृगांत शिरला म्हणजे पंचांगकर्ता ‘मृग लागला’ असें लिहितो. आतां ज्या नक्षत्रांत सूर्य आहे, तें सूर्याबरोबरच उगवणार व सूर्याबरोबरच मावळणार. म्हणून मृगाच्या पावसाच्या दिवसांत मृग नक्षत्र कोणाच्याही डोळ्यांस दिसत नाहीं. त्या दिवसांत रात्रीं साडेनऊच्या सुमारास आभाळ निवळलें असेल तर आग्नेय दिशेस वृश्चिक व त्यांतील तांबूस ज्येष्ठा दिसेल. आणि नांदेडच्या मनुष्यानें मान अगदीं उताणी केली तर बरोबर माथ्यावर स्वातीचा तारा दिसेल. नांदेडचा अक्षांश व स्वातीचें आकाशांतील स्थान हीं दोन्हीं सुमारें १९ अंश उत्तर असल्यामुळें हा योग जुळतो. लातुरास स्वाती माथ्यापासून किंचित उत्तरेकडे राहते. प्रत्यक्ष मृग पाहावयाचा तर तो मार्गशीर्षांत, ज्वारीच्या राखणीस गेलें असतां. दिवस मावळल्यावर तो पूर्वेस वर येतो आणि मध्यरात्रीं माथ्याच्या थोडा दक्षिणेस उभा असतो.

सारांश, मृग हा तारीख दाखविणारा कांटा आहे. पाऊस त्याच्या हातीं नाहीं. आणि हा कांटाही हळूहळू सरकतो, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. पृथ्वीचा आंस फिरत्या भोंवऱ्याच्या आंसाप्रमाणें मंद डुलतो. त्याचें एक वळण पुरें होण्यास सुमारें २६,००० वर्षें लागतात. यालाच अयनचलन म्हणतात. ऊन, पाऊस, थंडी हीं सूर्याच्या उत्तरायण-दक्षिणायनावर अवलंबून; नक्षत्रांची गणना मात्र ताऱ्यांवरून. या दोन हिशेबांत सुमारें ७० वर्षांत एक दिवसाचा फरक पडतो. म्हणजे शिवछत्रपतींच्या काळीं ऋतूच्या हिशेबानें मृग आजच्यापेक्षां सुमारें पांच दिवस आधीं लागत असे, आणि हजार वर्षांपूर्वीं सुमारें चौदा दिवस आधीं, म्हणजे आजच्या तारखांप्रमाणें मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यांत. लोकमान्य टिळकांनीं १८९३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘ओरायन’ ग्रंथांत वेदांचा काळ काढण्याचा जो प्रयत्न केला, तो याच सरकण्याच्या आधारें. ओरायन हें मृगाचेंच पाश्चात्य नांव. कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा १८९६ चा ग्रंथ तर मराठींतच आहे. ज्यांस या विषयाची गोडी लागेल त्यांनीं तो अवश्य पाहावा. आम्हांस येथें एवढेंच सांगावयाचें कीं, मृगाविषयींच्या म्हणी ज्या पिढ्यांनीं बांधिल्या त्यांच्या व आपल्या ऋतूंत तारीख सरकली आहे. म्हण मात्र जागची हलली नाहीं.

वाहनांविषयींही दोन शब्द. अमुक नक्षत्राचें वाहन बेडूक, म्हणून पाऊस चांगला. तमुक नक्षत्राचें गाढव, म्हणून पाऊस नाहीं, असें पुष्कळजण वाचतात. हें वाहन कोणी आभाळ पाहून ठरवीत नाहीं. सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजून येणाऱ्या संख्येस नवांनीं भागितात आणि उरलेल्या बाकीवरून वाहन लिहितात. आमचा जन्म आंकडेमोडींत गेला आहे. भागाकार बरोबर असला म्हणजे पाऊसही बरोबर पडतो असा अनुभव आम्हांस तरी नाहीं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठाची शिफारस अशी कीं, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून जमिनींत पुरेशी ओल झाल्याशिवाय खरिपाची पेरणी करूं नये. मृगाच्या पहिल्या सरीवर सोयाबीन टाकून मग पंधरा दिवस उघाड पडली, तर दुबार पेरणीचें बियाणें कोणत्या भावानें घ्यावें लागतें तें वाचकांस आम्हीं सांगावयास नको. सरळ उभ्या कडांचा एक डबा उघड्या जागीं ठेवून पट्टीनें त्यांतील पाणी मोजावें. एक मिलिमीटर म्हणजे एकरीं सुमारें चार हजार लिटर पाणी, इतका हा हिशेब सोपा आहे.

आतां वरील यंत्रांकडे वळूं. हवामानाच्या बातमींत ढगांचें जें चित्र दाखवितात, तें इन्सॅट मालिकेंतील उपग्रहांनीं काढलेलें असतें. इन्सॅट-३डी २०१३ सालीं, ३डीआर २०१६ सालीं आणि ३डीएस १७ फेब्रुवारी २०२४ रोजीं आकाशांत गेला. हे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. तेथें एक फेरी करण्यास लागणारा वेळ पृथ्वीच्या एका गिरकीइतकाच असल्यामुळें ते आपल्या दृष्टीनें जागच्या जागीं उभे राहतात. नांदेड-लातुराहून पाहिल्यास त्यांची जागा दक्षिणेकडे, क्षितिजापासून सुमारें ६५ ते ७० अंश उंचीवर येते. इतक्या अंतरावरचें यंत्र नुसत्या डोळ्यांस दिसणार नाहीं. परंतु गांवांतील धाब्यावरच्या दूरचित्रवाणीच्या तबकड्या पाहाव्या. त्यांचे उपग्रह निराळे असले तरी ते याच ओळींत उभे आहेत, आणि म्हणून सर्व तबकड्यांचीं तोंडें दक्षिणेच्या अंगास वळलेलीं असतात.

हवामानाचा उपग्रह रात्रींही पाहूं शकतो, कारण तो ढगांच्या माथ्याची उष्णता मोजतो. जितका माथा थंड तितका ढग उंच, आणि उंच ढग म्हणजे गडगडाटी पावसाचा संभव. पण लक्षांत ठेवण्यासारखें हें कीं, त्याला ढग दिसतो. आपल्या गट नंबरांत थेंब पडला कीं नाहीं, तें त्याला दिसत नाहीं. बांधापलीकडे पाऊस व बांधाअलीकडे धूळ, हा आमच्या मुलखाचा नेहमींचा प्रकार. म्हणून उपग्रहाच्या चित्रानें डब्याची गरज भागत नाहीं.

दुसऱ्या जातीचे उपग्रह सुमारें आठशें किलोमीटर उंचीवरून पृथ्वीच्या दोन्ही ध्रुवांवरून फिरतात आणि आपलीं पिकें पाहतात. भारताचे रिसोर्ससॅट व युरोपचे सेंटिनेल हे त्यांपैकीं. कोवळें हिरवें पान तांबडा प्रकाश शोषून घेतें आणि तांबड्यापलीकडचा, आपणांस न दिसणारा प्रकाश परतवून लावितें. पीक सुकूं लागलें म्हणजे हा परतणारा प्रकाश कमी होतो. या दोन प्रकाशांची तुलना करून शेत किती हिरवें आहे तें काढितात. केंद्र सरकारच्या २०१६ सालच्या दुष्काळविषयक संहितेंत पाऊस, पेरणीचें क्षेत्र, जमिनींतील ओल यांबरोबर उपग्रहावरून मोजलेल्या हिरवेपणासही स्थान मिळालें. महसूल खात्यांत आम्हीं पैसेवारीचे तक्ते वर्षानुवर्षें लिहिले. पन्नास पैशांच्या वर कीं खालीं, यावर तालुक्याचें नशीब ठरत असे. आतां त्या कामीं आकाशांतील साक्षीदार आला आहे, तेव्हां त्याची नजर किती तीक्ष्ण हें शेतकऱ्यानें जाणून घेतलें पाहिजे.

रिसोर्ससॅटच्या एका कॅमेऱ्याच्या चित्रांतील एक बारीक चौकोन म्हणजे जमिनीवर ५६ मीटर लांब व तितकाच रुंद तुकडा, अर्थात् सुमारें ३१ गुंठे. सेंटिनेल-२ चा चौकोन १० मीटरांचा, म्हणजे जवळ जवळ एक गुंठा. पहिल्याच्या दृष्टीनें तुमची अर्ध्या एकराची पट्टी, शेजाऱ्याचा ऊस व मधला बाभळीचा बांध हें सगळें एकच शेत. दुसऱ्यास गुंठा दिसतो खरा. पण सोयाबीनला शेंगा भरल्या कीं नुसताच पाला वाढला, हें त्यालाही वरून कळत नाहीं. फुलोऱ्यांत पावसानें ताण दिला आणि पुढें एक सर आली, तर रान हिरवेंगार दिसतें व खळ्यावर पोतें भरत नाहीं. शिवाय पावसाळ्यांत ढग आड आले म्हणजे अशा प्रकाशाच्या कॅमेऱ्याचा डोळा मिटतो. म्हणून पीककापणीचे प्रयोग गांवांत होतात तेव्हां शेतकऱ्यानें जातीनें हजर राहावें, असा आमचा आग्रह आहे. उपग्रहाची साक्ष आम्ही खोटी म्हणत नाहीं. ती अपुरी आहे, एवढेंच आमचें म्हणणें.

डोळ्यांस दिसणारे उपग्रहही पुष्कळ आहेत. सूर्य मावळल्यावर शेतांत काळोख पडतो, तरी बालाघाटच्या माथ्यावरचें ऊन जरा वेळ टिकतें. तीच गोष्ट कांहींशें किलोमीटर उंचीवरील यंत्राची. आपल्याकडे अंधार आणि त्याच्यावर ऊन, अशी स्थिति मावळतीनंतर व उजाडण्यापूर्वीं तास-दीड तास असते. तेव्हांच तें चमकतें. सर्वांत ठळक म्हणजे आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानक. त्याचा पहिला भाग १९९८ सालीं वर गेला. तें सुमारें ४०० किलोमीटर उंचीवरून दीड तासांत पृथ्वीची फेरी करितें. विमानाचे दिवे लुकलुकतात, हें लुकलुकत नाहीं. शुक्रासारखें तेजस्वी, न थांबतां पश्चिमेकडून पूर्वेकडे चार-पांच मिनिटांत जातें, आणि कित्येकदां मध्येंच, दिवा फुंकावा तसें नाहींसें होतें. तेव्हां तें पृथ्वीच्या सावलींत शिरलेलें असतें. पृथ्वीची सावली एरव्हीं आपणांस ग्रहणाखेरीज दिसत नाहीं. येथें ती डोळ्यांदेखत दिव्यावर पडते. २०१९ पासून स्टारलिंक नांवाच्या उपग्रहांच्या माळाही दिसूं लागल्या. वर सोडल्यावर पहिले कांहीं दिवस ते एकामागून एक ओळीनें जातात. कोणी त्याला देवाची आगगाडी म्हणतो, कोणी शत्रूचें विमान. तें दोन्ही नव्हे.

२ एप्रिल २०२२ रोजीं, ऐन गुढीपाडव्याच्या संध्याकाळीं, महाराष्ट्राच्या मोठ्या भागांतून आकाशांत जळत जाणारे गोळे दिसले आणि गांवोगांव भीति पसरली. त्याच रात्रीं चंद्रपूर जिल्ह्यांतील सिंदेवाही तालुक्यांत लाडबोरी येथें धातूचें मोठें कडें येऊन पडलें. तो चिनी अग्निबाणाचा निकामी भाग असावा, असें तज्ज्ञांनीं मार्गावरून ताडिलें. उल्का व असा तुकडा यांतील फरक ओळखणें कठीण नाहीं. उल्का डोळ्याचें पातें लवतें न लवतें तों विझते; माणसाच्या यंत्राचा तुकडा संथ, जवळ जवळ मिनिटभर, फुटत फुटत जातो. असें कांहीं शेतांत पडलें तर हात लावूं नये, कारण त्यांत विषारी इंधनाचा अंश असूं शकतो. तलाठ्यास व पोलिसपाटलास वर्दी द्यावी.

माणसानें यंत्रें वर पाठविण्यापूर्वींही आपल्या मुलखाचा आकाशाशीं संबंध होता. नांदेड व लातूर हीं निजामाच्या राज्यांत असतांना त्या राज्याच्या राजधानींत एक नामांकित वेधशाळा उभी राहिली. नबाब जफर जंग या हौशी सरदारानें १९०१ सालीं इंग्लंडहून १५ इंच भिंगाची दुर्बीण आणविली. त्याच्या मृत्यूनंतर १९०८ सालीं सरकारनें ती वेधशाळा ताब्यांत घेतली, आणि १९१९ सालीं ती उस्मानिया विद्यापीठाकडे गेली. निजामिया वेधशाळा ती हीच. त्या वेळीं जगांतील अनेक वेधशाळांनीं मिळून सर्व आकाशाचीं छायाचित्रें घेऊन ताऱ्यांची यादी करण्याचें काम १८८७ पासून वांटून घेतलें होतें. दक्षिण गोलार्धांतील १७ ते २३ अंशांचा पट्टा मुळांत चिली देशाच्या वांट्याचा; तो पुढें हैदराबादेकडे आला, आणि तेथील लोकांनीं कित्येक वर्षें रात्री जागून तो पुरा केला. आमच्यासारख्या मोजणीच्या खात्यांत वावरलेल्यास या कामाची थोरवी लवकर कळते. जुन्या मोजणीशीं नवी मोजणी ताडून पाहिली म्हणजे बांध सरकला कीं नाहीं तें समजतें; तसेंच १९९० नंतर युरोपच्या हिप्पार्कस उपग्रहानें केलेल्या मोजणीशीं या जुन्या याद्या ताडून लाखों तारे किती सरकले तें काढण्यांत आलें. आमच्या नांदेडच्या शेजारीं, हिंगोली जिल्ह्यांत औंढा नागनाथजवळ, ज्या लायगो प्रकल्पास केंद्र सरकारनें २०२३ सालीं मंजुरी दिली, त्यासही लोक दुर्बीणच म्हणतात. पण तींतून तारे दिसावयाचे नाहींत. चार-चार किलोमीटरांच्या दोन काटकोनी भुजांमधून लेसरचा प्रकाश खेळवून, दूरवर कृष्णविवरें एकमेकांवर आदळलीं असतां अवकाशास जो सूक्ष्म कंप सुटतो, तो मोजण्याचें तें यंत्र आहे.

स्वतः पाहण्यास कोणती दुर्बीण घ्यावी, असें आम्हांस तरुण मंडळी विचारतात. बाजारांत तीनशेंपट, पांचशेंपट मोठें दाखविणारी म्हणून जी स्वस्त दुर्बीण मिळते ती घेऊं नये. दुर्बिणीची किंमत पटींत नसून तोंडाच्या रुंदींत आहे. भिंग जितके मिलिमीटर रुंद त्याच्या दुपटीहून अधिक पट करूं गेल्यास चित्र मोठें होतें, पण चिखलासारखें गढूळ होतें. आरंभीं दोन डोळ्यांची, १० पट व ५० मिलिमीटर भिंगाची दुर्बीण पुरे. अंधारांत आपल्या डोळ्याची बाहुली फार तर ७ मिलिमीटर उघडते. ५० मिलिमीटरचें भिंग तिच्या पन्नासपट प्रकाश गोळा करितें. बाजेवर उताणें निजून, कोंपर टेकवून पाहिलें म्हणजे हात कांपत नाहीं. शुक्ल अष्टमीच्या चंद्रावर उजेड व काळोख यांच्या सीमेवर पर्वतांच्या सावल्या दिसतात. पौर्णिमेस त्या दिसत नाहींत. गुरूच्या दोहों अंगांस बारीक ठिपके दिसतील; ते गुरूचे चार चंद्र, गॅलिलिओनें जानेवारी १६१० मध्यें पाहिले तेच. दुसऱ्या रात्रीं पाहावें तों त्यांनीं जागा बदललेली असते. मृगांत तिकांड्याच्या खालीं तीन अंधुक तारे आहेत, त्यांपैकीं मधला पाहावा. तो एक तारा नसून धुरकट ढग आहे. तेथें नवे तारे जन्मास येत आहेत, आणि जो प्रकाश आज आपल्या डोळ्यांत शिरतो तो सुमारें तेराशें वर्षांपूर्वीं तेथून निघालेला.

शनीचें कडें पाहावयाचें तर पायावर उभी राहणारी मोठी दुर्बीण हवी. सहा इंच व्यासाचा आरसा हातानें घांसून करणारे हौशी लोक महाराष्ट्रांत आहेत. चार फूट अंतरावर प्रकाश एकवटावयाचा तर अशा आरशाची मध्यावरची खोली अवघी १.२ मिलिमीटर ठेवावी लागते. ती कांचेवर कांच घांसून आठवडे खपून साधतात. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी लोकांस आकाशाची ओळख करून देत आहे. पांच-दहा घरांनीं वर्गणी काढून एक दुर्बीण गांवच्या शाळेंत ठेविली, तर ती एकाच्या माडीवर धूळ खाण्यापेक्षां अधिक उपयोगी पडेल. मात्र कोणतीही दुर्बीण सूर्याकडे रोखूं नये. क्षणार्धांत डोळा कायमचा जातो. मुलांच्या हातीं देतांना हें दोनदां बजावावें.

रात्रपाळीच्या विजेमुळें पाणी देण्यास ज्यांस मध्यरात्रीं शेतावर जावें लागतें, त्यांना तर आकाश फुकटच मिळालें आहे. वीज अपरात्रीं मिळते ही तक्रार खरी व रास्त. पण शहरच्या मनुष्यास दिव्यांच्या झगमगाटांत जें दिसत नाहीं, तें त्याच वेळीं आपणांस दिसतें. दरसाल १३-१४ डिसेंबरच्या रात्रीं मिथुन राशीच्या बाजूनें, म्हणजे पुनर्वसूच्या ताऱ्यांजवळून, उल्का पडतात. फेथॉन नांवाच्या लघुग्रहानें मागें टाकलेली ही धूळ. चंद्र नसेल तर मध्यरात्रीनंतर तासास कित्येक मोजतां येतात, आणि त्यास दुर्बीण लागत नाहीं. मोबाईल खिशांत ठेवावा, बॅटरीच्या कांचेवर तांबडा कागद बांधावा, आणि वीस मिनिटें अंधारांत डोळे निवूं द्यावे. दुर्बीण बरोबर नेल्यास पहांटेच्या दंवापासून ती सुती कपड्यांत गुंडाळून जपावी, ओल्या बोटानें भिंग पुसूं नये, आणि पावसाळ्याचे चार महिने ती झांकणाच्या कोरड्या डब्यांत ओल शोषणाऱ्या पुडीसह ठेवावी. नाहीं तर भिंगावर बुरशी चढते आणि ती मग निघत नाहीं.